फाल्बकोगेलचा बिल्ला

हेर्ने, २४ फेब्रुवारी १९८३

गान्नरबाई यांस,

नाताळचं कार्ड सोडून वर्षाच्या अधेमधे माझं पत्र आलेलं बघून दचकू नका. सगळं ठीक आहे. पण काल पोस्टमनने एक जाडजूड पाकीट आणून दिलं, त्याचा उलगडा तुम्हीच करू शकाल.

पाकिटात तुमच्या ओबरफाल्ब पर्यटन मंडळाचं मानपत्र आहे. शिक्का आहे, नगराध्यक्षांची सही आहे, आणि मखमलीच्या डबीत सोनेरी पिन. ‘श्री. व सौ. पाव्लित्स्की यांनी सलग पंचवीस वर्षे आमच्या गावी मुक्काम करून जी निष्ठा दाखवली त्याबद्दल.’ गान्नरबाई, आम्ही तुमच्याकडे एकदाच आलोय. सत्तावन्नच्या मे महिन्यात, लग्नानंतर, नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत नऊही दिवस पाऊस होता, हे तुम्ही विसरला नसाल.

एर्विन आधी इतका हसला की त्याला ठसका लागला. मग म्हणाला, पिन परत पाठव. त्याचा स्वभाव तुम्ही पाहिला आहे. तुमच्या यजमानांनी, सेराफिनभाऊंनी, त्याला ती डोंगरात फिरायची काठी दिली होती ना, पाहिलेल्या जागेचा बिल्ला ठोकायची, तिच्यावर त्याने दरीचा बिल्ला ठोकला, चर्चचा ठोकला, तळ्याचा ठोकला. फाल्बकोगेलचा मात्र विकत घेऊनही ठोकला नाही, कारण शिखर एकदाही ढगातून बाहेर आलं नव्हतं. असला डोंगर नाहीच, कार्डं छापणाऱ्यांनी तो मनाने काढलाय, असं तो जेवताना सगळ्यांना सांगायचा आणि सेराफिनभाऊ चिडायचे. तो बिल्ला तो त्यांच्याकडेच ठेवून आला. ज्या माणसाने न पाहिलेल्या डोंगराचा पत्र्याचा तुकडा काठीवर ठोकला नाही, तो न केलेल्या मुक्कामांची सोन्याची पिन कोटाला कशी लावील?

म्हणून डबी सोबत परत पाठवते आहे. मानपत्र ठेवून घेतलं तर चालेल का? फार सुंदर छापलंय.

एर्विनची कबुतरं मजेत आहेत. तोही बरा आहे. सेराफिनभाऊंना आमचा नमस्कार सांगा.

तुमची,
हेडविग पाव्लित्स्की


ओबरफाल्ब, ६ मार्च १९८३

पाव्लित्स्कीबाई,

तुमचं पत्र वाचून मी स्वयंपाकघरात एकटीच हसत बसले, आणि मग एकटीच कानकोंडी झाले. चूक माझी आहे.

दर नाताळात तुमचं कार्ड येतं आणि खाली लिहिलेलं असतं, ‘या मे महिन्यात नक्की.’ मी लगेच मुक्कामाची वही काढते आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात, खोली नंबर चार, तुम्हा दोघांची नावं लिहिते. पुढे एप्रिलमध्ये दुसरं कार्ड येतं. कधी तुमच्या गिझेलाला गोवर, कधी सासूबाईंना अर्धांगवायू, कधी खाण बंद पडली, कधी कबुतरांच्या शर्यती. मी ‘हरकत नाही’ म्हणून कळवते. पण वहीतलं नाव खोडत नाही. आमच्याकडे जित्या माणसाचं नाव खोडत नाहीत. तेव्हा अशी पंचवीस पानं झाली. यंदा मंडळात इन्सब्रुकहून नवीन सेक्रेटरीणबाई आल्यात, फार कामसू. त्यांनी सगळ्या घरांच्या वह्या मागवल्या आणि निष्ठावंत पाहुणे मोजून काढले. गावात सगळ्यांच्या वर तुमचं नाव निघालं. बँडवाल्यांनी तुमच्यासाठी एक चाल बसवायला घेतलीय. आता त्यांना सांगायचं कोणी?

आता दुसरं. ते दर कार्डावर लिहायचं ठरवलं आणि दर वेळी ‘गान्नर परिवार’ अशी सही करून मोकळी झाले. सेराफिन गेले. चार वर्षं झाली, ऑक्टोबरमध्ये. गवताची गाडी उतारावर सुटली. लिहिलं की खरं होतं, असं वाटायचं. आता लिहून टाकलं.

तुमच्या नवऱ्याचा बिल्ला ड्रॉवरमध्ये आहे, त्याच कागदात. ‘आम्ही पाहिल्याशिवाय ठोकायचा नाही’ असं ते म्हणाले होते, आणि सेराफिननी त्यावर मान हलवली होती, जणू चर्चमध्ये शपथ घेतायत. ती हललेली मान मला अजून दिसते.

तिसरं, आणि हे जरा घाईचं. माझा मुलगा कासियान या ऑक्टोबरात घर पाडणार आहे. सत्तर खाटांचं हॉटेल बांधतोय, लिफ्टसकट. मी नाही म्हणू शकत नाही, त्याचं वय आहे. पण चार नंबरच्या खिडकीची जागा मग हवेत राहील. म्हणजे फाल्बकोगेल बिछान्यातून बघायचा तर हा मे महिना शेवटचा. पुन्हा नाव लिहू?

आणि एक विचारायचंच आहे. इतक्या वर्षांत आला नाहीत, ते आमचं काही चुकलं म्हणून तर नाही? छत गळत होतं, तुमच्या पायाशी घमेलं ठेवलं होतं. सेराफिन नेहमी म्हणायचे, ‘नव्या नवरीच्या खोलीत घमेलं, ते पुन्हा कशाला येतील?’

नोटबुर्गा गान्नर


हेर्ने, १५ मार्च १९८३

गान्नरबाई,

सेराफिनभाऊ गेले आणि आम्ही चार वर्षं त्यांना नमस्कार धाडत राहिलो, याची मला फार लाज वाटली. एर्विन पत्र ऐकून उठला आणि कबुतरांकडे निघून गेला. जेवायलाही खाली आला नाही. नऊ दिवसांच्या ओळखीवर एवढं दुःख का, असं मी विचारलं नाही. सकाळी दूध काढताना ते दोघं गोठ्यात बसून कसल्या गप्पा मारायचे, देव जाणे.

घमेल्याची काळजी सोडा. आमचं लग्न घाईचं होतं, हे तुम्ही तेव्हाच ओळखलं असेल. गिझेला पोटात होती. ते घमेलं देवासारखं धावून आलं, रात्र रात्र मी त्याच्यावरच वाकलेली असायची. दिवसभर पावसात भिजत दरी बघायची, चर्च बघायचं, आणि परत येऊन तुमच्या चुलीपाशी मोजे वाळत घालायचे. माझ्या आयुष्यात एवढं सुख मला पुन्हा मिळालं नाही, हे मी एर्विनलाही कधी सांगितलं नाही. तुम्हाला सांगते.

आता खरं लिहिते, कारण तुम्ही खरं लिहिलंत. एर्विन बरा नाही. सत्तावीस वर्षं जमिनीखाली आठशे मीटरवर काढली, ती धूळ आता छातीत दगड होऊन बसलीय. जिना चढताना दोनदा थांबतो. आडवा झोपू शकत नाही, उशा लावून बसून झोपतो. डॉक्टरांनी उंचावर जायला बंदी केलीय. पण घर पाडणार म्हटल्यावर म्हणाला, ‘हेडविग, या मेमध्ये जायचं.’ कार्डावर लिहितो तसं नाही, खरंच. डॉक्टरांना मी काही सांगणार नाही. ज्या माणसाने उमर अंधारात घालवली, त्याला एवढा एक उंच डोंगर दिसावा. मला दुसरं काही मागायचं नाही.

एवढंच कळवा: चार नंबरला पायऱ्या किती, आणि खाट खिडकीशी सरकवता येईल का?

तुमची हेडविग


ओबरफाल्ब, २४ मार्च १९८३

हेडविगबाई,

पायऱ्या सतरा. नवव्या पायरीपाशी वळण आहे, तिथे खुर्ची ठेवते. खाट आजच खिडकीशी लावली, मी आणि कासियानच्या बायकोने मिळून. माझी कंबर धरलीय, त्याचं श्रेय तुमच्या नवऱ्याला.

पावसाबद्दल मी वचन देत नाही. मेच्या मधोमध आमच्याकडे बर्फाचे संत, म्हणजे थंडी परत आणणारे त्यांचे सणाचे दिवस, येतात: पंक्रास, सर्वास, बोनिफास, आणि शेपटीला थंड सोफी. ती गेल्याशिवाय आम्ही घेवडासुद्धा पेरत नाही. सत्तावन्नमध्येही हे सांगितलं होतं, सप्टेंबरात या म्हणून. पण सप्टेंबरापर्यंत थांबा असं या वेळी मी म्हणणार नाही.

वहीत नावं लिहिली. या वेळी शाईने.

नोटबुर्गा


हेर्ने, २० मे १९८३

प्रिय नोटबुर्गा,

‘तू’ लिहिताना अजून हात अडखळतो. तुमच्याकडे हजार मीटरच्या वर कुणी कुणाला अहो-जाहो करत नाही म्हणून तू दुसऱ्याच दिवशी आमच्या पुढ्यात तीन पेले ठेवलेस. सव्वीस वर्षांपूर्वी ठेवले असतेस तर एवढी वर्षं ‘बाई, बाई’ करण्यात गेली नसती.

आठ दिवस, आठही दिवस पाऊस. पर्यटन मंडळ काहीही म्हणो, निष्ठा दाखवली ती पावसाने. तरी आम्ही सगळं पाहिलं की. चर्चमधल्या त्या काचेच्या पेटीतल्या, चांदीचे कपडे घातलेल्या संताच्या सांगाड्यापुढे एर्विन टोपी काढून म्हणाला, ‘याची छाती माझ्यापेक्षा मोकळी दिसते.’ तळ्यावर नावेत आम्ही दोघंच प्रवासी आणि नावाडी जांभया देतोय. संध्याकाळी तुझ्या हातचं गोळ्यांचं सूप. बँडवाले छत्र्या धरून वाजवायला आले तेव्हा एर्विनने त्यांना खरं सांगून टाकलं, आणि त्यांनी तरी चाल वाजवली, बसवली आहे तर वाया का घालवायची म्हणून.

पण मी हे पत्र दुसऱ्याच गोष्टीसाठी लिहितेय. गुरुवारी पहाटे तू अनवाणी धावत वर आलीस. दार ढकललंस आणि मी ओठांवर बोट ठेवलं. तू माझ्याकडे बघितलंस, त्याच्याकडे बघितलंस, आणि खाली गेलीस. तुला सांगणं लागतं.

तो तीन रात्री झोपला नव्हता. बसून असायचा, ती शिट्टीसारखी वाजणारी छाती घेऊन. त्या दिवशी चारच्या सुमाराला भिंतीला टेकला आणि त्याला झोप लागली. छाती शांत झाली. इतकी शांत की मी घाबरून हात नाकापाशी नेला. आणि तेवढ्यात खोलीत उजेड आला. मी वळून पाहिलं तर ढग दोन बाजूंना झाले होते आणि तो तिथे होता, वरपासून खालपर्यंत. नोटबुर्गा, मला वाटलं होतं त्याच्या कितीतरी वर होता. मी आकाश समजून बघत होते तिथे अजून डोंगरच होता. डाव्या खांद्याला कुऱ्हाडीने घातल्यासारखी खाच आहे, ती कार्डावर दिसत नाही.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवायला गेले, आणि मागे घेतला. म्हटलं एक मिनिट. एवढा श्वास तर घेऊ दे. मग पुन्हा नेला आणि पुन्हा घेतला. तिसऱ्यांदा बघितलं तर बाहेर नुसतं पांढरं होतं.

तो सात वाजता उठला, बाहेर बघितलं आणि म्हणाला, ‘काही नाही ना?’ मी म्हटलं, काही नाही.

आता मला झोप नाही. ज्याच्यासाठी त्याला नेलं तेच मी त्याच्यापासून चोरलं आणि एकटीने खाल्लं. त्याला सांगू नकोस. कधीच नको.

तुझी हेडविग


हेर्ने, २ जून १९८३

नोटबुर्गा,

हे कबुतरांच्या माळ्यावर बसून लिहितोय. हेडविग इथे चढत नाही, तिला पिसांनी शिंका येतात. मी कधी पत्र लिहिलेलं नाही, ते खातं तिचं. तेव्हा सरळ लिहितो.

मी फाल्बकोगेल पाहिलाय. सत्तावन्नमध्येच. पाचव्या दिवशी सकाळी पाच वाजता मला सवयीने जाग आली, पहिल्या पाळीची सवय. पाऊस थांबलेला. खिडकीशी गेलो आणि तो समोर उभा. गुलाबी झाला, मग पिवळा झाला. मी अर्ध्या चड्डीत उभा आणि रडत होतो, हे कुणाला सांगू नकोस. हेडविग रात्रभर घमेल्यावर वाकलेली होती, नुकती झोपली होती, तोंड इतकंसं झालेलं. म्हटलं, झोपू दे. अजून चार दिवस आहेत, परत उघडेल. तो परत उघडला नाही.

गोठ्यात जाऊन सेराफिनला सांगितलं. तो म्हणाला, तिला सांगू नकोस, जन्मभर चुटपुट लागेल. पुढच्या वर्षी या आणि जोडीने बघा. बिल्ला तोवर माझ्याकडे ठेव. म्हणून ठेवला. जोडीने पाहिलं नाही ते ठोकायचं नाही, असं आमचं ठरलं. त्याने बोलून दाखवलं नसणार, तो तसलाच होता. म्हणून मी दर वर्षी ‘या मेमध्ये नक्की’ लिहायला लावायचो. मला काय, माझा डोंगर बघून झाला होता. तिचा राहिला होता.

या खेपेला मी ठरवलं होतं, ती झोपली तर मी जागा राहीन आणि उठवीन. पण ती पहारेकऱ्यासारखी आठ दिवस खिडकीशी बसून आणि एकदाही काही दिसलं नाही. नशीब. एका पहाटे माझाच डोळा लागला, पण ती म्हणाली तेव्हाही काही नव्हतं.

आता एक काम कर. घर ऑक्टोबरात पडणार ना? मग सप्टेंबरात हिला एकटीला बोलावून घे. आजारी आहे, मदत हवीय, काहीही खोटं लिही. माझं इथे गिझेला बघेल. मला परत इतक्या उंचावर जमणार नाही, हे हिला ठाऊक आहे, मलाही आहे. पण हिने बघायला हवा. तेवढं झालं की मी मोकळा. मी पाहिलाय हे मात्र तिला कळू देऊ नकोस.

एर्विन


ओबरफाल्ब, १२ जून १९८३

प्रिय एर्विन आणि हेडविग, दोघांनाही एकाच पाकिटात,

हे पत्र एर्विनने मोठ्याने वाचायचं. छाती भरून आली तर पुढचं हेडविगने वाचायचं. दोघंही समोरासमोर बसा.

मी अठरा दिवसांत दोन पत्रं वाचली, एकाच पत्त्यावरून आलेली. एक म्हणतं, त्याला सांगू नकोस. दुसरं म्हणतं, तिला कळू देऊ नकोस. मी साधी बाई आहे, गाईंचं दूध काढते आणि पाहुण्यांच्या चादरी धुते. एका पोटात दोन माणसांची गुपितं घेऊन मला जेवण जात नाही. मी वचन दिलं नव्हतं, तेव्हा मोडतही नाही.

हेडविग, तुझ्या नवऱ्याने फाल्बकोगेल सत्तावन्नमध्ये पाहिला. तू झोपली होतीस, तुला उठवायला त्याचं मन झालं नाही. एर्विन, तुझ्या बायकोने तो गेल्या महिन्यात, गुरुवारी पहाटे पाहिला. तू झोपला होतास. मी स्वतः दारात उभी होते, साक्षीदार आहे. दोघांनीही अगदी एकच गोष्ट केलीत आणि दोघंही चोर असल्यासारखे माझ्याकडे कबुली द्यायला आलात.

खरं सांगायचं तर मला राग आला तो सेराफिनचा. एकवीस वर्षं ते हे पोटात घेऊन माझ्या शेजारी जेवले, झोपले. मी तुमचं नाव वहीत लिहायला बसले की हसायचे. मी विचारायचे, दात काढायला काय झालं? म्हणायचे, काही नाही. आता भांडायला गेले तर ऐकायला कोण आहे? परवा थडग्यापाशी जाऊन बोलून आले, पण उत्तर नसलं की भांडणाला चव नाही. तुमच्याकडे निदान एकमेकांपासून लपवायला माणूस आहे. माझ्याकडे तेही नाही, आणि मला तुमचा हेवा वाटतो, हे लिहायला मला लाज नाही.

सोबत बिल्ला पाठवतेय. जोडीने पाहिला नाही, असं एर्विन म्हणेल. मी म्हणते, पाहिलात. एकाच खोलीतून, एकाच खिडकीतून, आणि दोन्ही वेळा दुसरा माणूस हाताच्या अंतरावर झोपला होता. याहून जोडीने म्हणजे कसं? बिल्ल्याला दोन भोकं आहेत. खिळे दोन पाठवलेत.

नोटबुर्गा


हेर्ने, २७ जून १९८३

नोटबुर्गा,

एर्विनने मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि ‘सत्तावन्नमध्ये पाहिला’ या वाक्यावर थांबला. पुढचं मी वाचलं.

आणि मग आम्ही भांडलो. कितीतरी वर्षांत असं भांडलो नव्हतो, त्याच्या छातीला जपून मी सगळं गिळत आले होते. मी म्हटलं, ‘सव्वीस वर्षं तू मला फसवलंस.’

तो म्हणाला, ‘मी निदान सव्वीस वर्षं टिकलो. तू आठ दिवसांत चिठ्ठी लिहून मोकळी.’

शेजारीण काय झालं बघायला आली, तर आम्ही दोघं टेबलाशी बसून रडत होतो आणि हसत होतो. ती आली तशी गेली. नंतर त्याने पाकिटाच्या पाठीवर त्याचा डोंगर काढला आणि मी माझा. त्याचं शिखर फार टोकदार, माझं आपलं भाकरीच्या गोळ्यासारखं. पण डाव्या खांद्यावरची खाच दोघांच्याही चित्रात होती, एकाच जागी.

काठी कपाटामागून काढली. त्याचा खिळा त्याने ठोकला, तीन घावांत, प्रत्येक घावानंतर बसून. माझा मी ठोकला. तो जरा वाकडा गेलाय. एर्विन म्हणतो, राहू दे, कोणाचा कुठला ते ओळखू येईल.

डॉक्टर म्हणतात, हा हिवाळा अवघड आहे. मी तुझ्यापासून आता काही लपवणार नाही, आणि त्याच्यापासूनही नाही. आम्ही त्यावरही बोललो. तो आता उशांना टेकलाय, काठी पलंगाला लावून ठेवलीय, आणि मला काय लिहायचं ते सांगतोय.

म्हणतोय की घर पडलं तरी वही ठेव. पुढच्या मे महिन्याच्या पानावर, दुसऱ्या आठवड्यात, आमची दोघांची नावं लिही, खोली नंबर चार. खोली नसेल, ठाऊक आहे. पण पंचवीस वर्षं आम्हीही नव्हतोच की, तरी तू लिहीत होतीस.

तुझी हेडविग, आणि एर्विन